वारेतून जाणारी वाट

१९४१ साली सिडनीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तान्ही बाळं येऊ लागली. डॉक्टरांचं नाव नॉर्मन मॅकअ‍ॅलिस्टर ग्रेग. बाळांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. जन्मतः मोतीबिंदू असलेलं मूल एरवी एखादंच दिसायचं, आणि ते घराण्यातून आलेलं असणार असं समजून डॉक्टर पुढच्या कामाला लागायचे. ही बाळं मात्र एकामागून एक येत होती. बाहुलीच्या मधोमध मोत्यासारखा पांढरा ठिपका, अंगाने किरकोळ, दूध ओढतानाही दमणारी. छातीला नळी लावली की बऱ्याच जणांच्या हृदयाचा आवाज वेगळा. वेगवेगळ्या घराण्यांत एकाच वर्षी एकच दोष कसा उपजेल, हा प्रश्न ग्रेग यांना सोडेना.

असं सांगतात की बाहेर बाकावर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या आणि ते बोलणं त्यांच्या कानावर पडलं. एक म्हणत होती, मला दिवस गेले आणि लगेच जर्मन गोवर आला. दुसरी म्हणाली, मलाही. जर्मन गोवर म्हणजे आपण आज ज्याला रुबेला म्हणतो तो. बारीक ताप, अंगावर फिकट लाल पुरळ, मानेमागे गाठी, आणि दोन-तीन दिवसांत सगळं साफ. इतका हलका आजार की त्यासाठी कोणी डॉक्टरांकडेही जात नसे. १९४० साली ऑस्ट्रेलियात त्याची मोठी साथ येऊन गेली होती. युद्धाचा काळ, छावण्यांत दाटीवाटीने राहणारी तरुण मुलं, आणि तिथून घरोघर गेलेला विषाणू.

ग्रेग यांनी त्या आयांचं म्हणणं खरं धरलं. मला त्यांचं मोठेपण यातच वाटतं. त्यांनी इतर डॉक्टरांना पत्रं घातली, ७८ बाळांची माहिती जमवली. त्यांतल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात जर्मन गोवर येऊन गेला होता, बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या महिन्यांत. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी हे मेलबर्नच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत वाचून दाखवलं. पुढे अ‍ॅडलेडच्या चार्ल्स स्वॉन यांनी अशा मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतली कित्येक ऐकूही शकत नाहीत हे समोर आलं. तरीही १९४४ साली 'लॅन्सेट'ने लिहिलं की ग्रेग यांचं म्हणणं सिद्ध झालेलं नाही. आईला आलेला साधा पुरळ पोटातल्या बाळाला आंधळं-बहिरं करू शकतो, हे पचायलाच जड होतं.

आपल्याकडे तर या प्रश्नाची उत्तरं घराघरांत तयारच असायची. बाळाचा ओठ फाटलेला निघाला की सासू आठवायची, ग्रहणात हिने भाजी चिरली होती का. बाळ कमी ऐकतंय म्हटलं की मागच्या जन्मापर्यंत जायची तयारी. ग्रहणात गरोदर बाईला एका जागी निश्चल बसवून ठेवणारी घरं आजही आहेत. त्या भीतीमागे बाळाविषयीची कळकळ असते, हे मला मान्य आहे. दुःख एवढंच की ती कळकळ नको त्या ठिकाणी खर्च होते, आणि खरोखर ज्या चार गोष्टींनी बाळ वाचतं तिथे हात आखडला जातो.

मग आईचा आजार बाळापर्यंत पोचतो तरी कसा? आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोघांच्या मध्ये वार असते. बाळंतपणानंतर सुईण जी पुरायला द्यायची तीच ही वार. पूर्ण दिवसांची भरली की साधारण अर्ध्या किलोची. तिच्या आत झाडाच्या मुळांसारखे हजारो बारीक फाटे असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. या फाट्यांवरचं आवरण विलक्षण आहे. शरीरात इतरत्र पेशी विटांसारख्या शेजारी शेजारी रचलेल्या असतात, आणि दोन विटांमधल्या सांध्यातून जंतू शिरतात. वारेच्या या आवरणात पेशी एकमेकींत विरघळून एकच सलग चादर झालेली असते, जिला कुठे शिवणच नाही. शिरायला फट नाही. म्हणूनच आईला सर्दी-खोकला, पडसं, जुलाब असं नऊ महिन्यांत काहीबाही होऊन जातं आणि बाळाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण वार भिंत नव्हे. अन्न आणि प्राणवायू जायला हवेत, आणि आणखी एक फार मोलाची गोष्ट जावी लागते: आईने आयुष्यभर कमावलेली प्रतिकारशक्ती. रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं वार स्वतः हात धरून पलीकडे नेते. गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात ते याच वाटेच्या भरवशावर. टोचायचं आईच्या दंडात, आणि जपायचं बाळाच्या नाळेला. विळ्याने नाळ कापली, वर शेण-राख लावली आणि आठव्या-दहाव्या दिवशी बाळ धनुष्यासारखं ताठ होऊन गेलं, ही एके काळी गावोगावची कहाणी होती. २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्यात स्वच्छ बाळंतपणाचा वाटा आहेच, पण वारेतून पोचलेल्या त्या देण्याचाही आहे.

याच वाटेने काही चोरही जातात. रुबेलाचा विषाणू वारेच्या फाट्यांनाच बाधा करतो आणि तिथून बाळाच्या रक्तात उतरतो. तो पेशींची वाढ मंदावतो, आणि कुठल्या आठवड्यात शिरला यावर सारं ठरतं. डोळ्याचं भिंग, हृदय, आतला कान हे सगळं पहिल्या तीन महिन्यांत घडत असतं. कित्येकींना आपल्याला दिवस गेलेत हेही तोवर नीट कळलेलं नसतं. पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाला तर दहांतल्या आठ-नऊ बाळांपर्यंत इजा पोचू शकते. वीस आठवडे उलटले की धोका जवळजवळ संपतो. असं बाळ जन्मल्यावरही महिनोन्महिने, कधी वर्षभर, विषाणू बाहेर टाकत राहतं. त्यामुळे त्याला बघायला येणाऱ्या दुसऱ्या गरोदर बाईलाही जपावं लागतं.

१९६२ मध्ये हा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढता आला. लगेच १९६४-६५ मध्ये अमेरिकेत प्रचंड साथ आली आणि सुमारे २० हजार बाळं रुबेलाचे दोष घेऊन जन्मली. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन्ली प्लॉटकिन त्या काळात लशीवर काम करत होते. त्यांच्या लशीतल्या विषाणूचं नाव आरए २७/३. रुबेलामुळे गर्भपात झालेल्या, तपासणीतल्या सत्ताविसाव्या गर्भाच्या ऊतींच्या तिसऱ्या तुकड्यातून तो मिळाला म्हणून हे आकडे. जे बाळ जन्माला येऊ शकलं नाही, त्याच्या अंगातला विषाणू दुबळा करून पुढच्या कोट्यवधी बाळांची राखण त्याच्याकडे दिली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या गोवर-रुबेला लशीतही हाच आरए २७/३ आहे.

महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. शाळाशाळांतून रांगा लागल्या, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ही लस टोचली. गोव्यात ती २०१७ मध्येच झाली होती. आता बाळाला नियमित लसीकरणात दोन डोस मिळतात. पण जरा हिशोब मांडून पाहा. २०१८ च्या अखेरीस ज्या मुली पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या होत्या त्या मोहिमेतून सुटल्या, आणि त्याच आज बावीस-पंचविशीच्या पुढे आहेत, म्हणजे बरोबर आई होण्याच्या वयात. त्यांतल्या ज्यांनी लहानपणी खासगी दवाखान्यात गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस घेतली नसेल आणि ज्यांना रुबेलाही होऊन गेलेला नसेल, त्यांच्याकडे काहीच कवच नाही. लग्न ठरलं की शालूपासून पाहुण्यांच्या यादीपर्यंत सगळ्याची चर्चा होते, त्या यादीत हे एक इंजेक्शन का नसावं? ते दिवस राहण्यापूर्वीच घ्यायचं आणि मग किमान एक महिना थांबायचं. दिवस गेल्यावर ही लस देत नाहीत. नकळत घेतली गेलीच, तर मात्र तेवढ्यासाठी गर्भपात करण्याचं कारण नाही. लशीमुळे बाळ अधू झाल्याचं आढळलेलं नाही.

आता त्या कागदाविषयी, ज्याने मराठी घरांतल्या किती सुनांची झोप उडवली असेल सांगता येत नाही. टॉर्च टेस्ट. माझ्या मावसबहिणीच्या सुनेचे दोन गर्भ राहिले नाहीत, तेव्हा एका प्रयोगशाळेचा असाच अहवाल घेऊन ती माझ्याकडे आली होती. आठ ओळी होत्या: टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस, प्रत्येकाच्या दोन दोन. एक आयजीजीची, एक आयजीएमची. तीन आयजीजींपुढे ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' छापलेलं. पोरीचा चेहरा उतरलेला. घरी कोणीतरी म्हणालं होतं, हिच्या रक्तातच दोष आहे.

त्या तीन ओळींचा अर्थ एवढाच होता की हे जंतू कधीतरी, बहुधा लहानपणीच, तिला भेटून गेले आणि तिच्या शरीराने त्यांना ओळखून ठेवलं. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह असणं ही तर चांगली बातमी. सायटोमेगॅलोचं म्हणाल तर भारतातल्या बहुसंख्य बायका मोठ्या होईपर्यंत त्याच्या संपर्कात येऊन गेलेल्या असतात. आयजीएम हे ताज्या लागणीचं लक्षण मानतात, पण तेही कित्येक महिने रेंगाळतं आणि कधी उगाचच पॉझिटिव्ह येतं. त्या एका ओळीवरून काही ठरवायचं नसतं. टॉर्च हे नाव १९७१ साली आंद्रे नहमियास आणि सहकाऱ्यांनी सुचवलं ते नवजात बाळांसाठी: बाळ आजारी जन्मलं तर कोणकोणत्या लागणी आठवायच्या याची ती खूण होती. आयजीएमचा रेणू मोठा, तो वारेतून जात नाही. म्हणून तो बाळाच्या रक्तात सापडला तर बाळाचा स्वतःचा, म्हणजे लागण बाळालाच झालेली. तिथे त्याला अर्थ आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला मात्र या चार जंतूंच्या यादीत सहसा उत्तर सापडत नाही, कारण एकदा लागण झाली की पुढच्या खेपेला शरीर तयार असतं.

वारंवार बाळ जाण्याला कारणीभूत होणारी एक लागण आहे, आणि नेमकी तीच या महागड्या अहवालात नसते. तिची तपासणी फार स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट. व्हीडीआरएल.

रोग म्हणजे उपदंश. जुनी माणसं गरमी म्हणतात, तेही आवाज खाली आणून. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात भावमिश्राने त्याला फिरंग रोग असं नाव दिलं, कारण तो फिरंग्यांबरोबर, म्हणजे पोर्तुगीजांबरोबर, इथे आला असं मानलं जाई. मळसूत्रासारखा पिळदार जंतू. आईच्या अंगावर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. सुरुवातीचा व्रण दुखत नाही, आपोआप भरून येतो, आणि मग वर्षानुवर्षं शांतता. वारेतून मात्र तो गरोदरपणात कधीही जाऊ शकतो. मग पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ पडतो, किंवा बाळ पोटातच जातं, किंवा जन्मतं ते यकृत-पानथरी सुजलेलं, तळहात-तळपायांची कातडी सोललेलं, नाक सतत वाहणारं. कधी जन्मताना ठणठणीत दिसतं आणि पुढे दात, हाडं, कान धरतात.

आणि यावर औषध आहे: पेनिसिलिन. १९४३ पासून हा रोग त्याने बरा होतो हे माहीत आहे. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, तोही आधी पेनिसिलिनसाठीच. गरोदर बाईला बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्यात. औषध दाट असतं, सुई जाड लागते, दोन दिवस नीट बसवत नाही. रोग जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. बाळंतपणाला किमान महिना बाकी असताना उपचार झाला तर तेच पेनिसिलिन वारेतून जाऊन बाळालाही बरं करतं. एवढ्या स्वस्तात वाचणारं बाळ न वाचणं, याचं मला अतोनात वाईट वाटतं. आणि ही काही गरीब देशांचीच गोष्ट नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत ३,७०० हून अधिक बाळं उपदंश घेऊन जन्मली, दहा वर्षांपूर्वीच्या दसपटीहून जास्त. कारणं नेहमीचीच: तपासणी झालीच नाही, झाली तर उशिरा, किंवा अहवाल आला आणि उपचार राहिला.

एक काळजी घ्यायची. व्हीडीआरएल गरोदरपणात कधी कधी चुकीची पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचएसारखी दुसरी तपासणी करून खात्री करतात. घरात भांडण उभं राहण्याआधी ही दुसरी तपासणी झालेली असावी.

भांडणाचं लिहिलं ते मुद्दाम. 'आईकडून बाळाला होणारी लागण' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, मीही केला असता. पण आईला ती कुठून आली? आपल्याकडे घराबाहेर पाऊल न टाकलेल्या कितीतरी बायकांना हा रोग नवऱ्याकडून मिळतो आणि बोल मात्र तिला लागतो. भारताच्या एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमाने या बाबतीत एक शहाणपण दाखवलं. जगभर 'आईकडून मुलाला' म्हणत असताना आपल्या कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'पालकांकडून बालकाला होणाऱ्या लागणीचा प्रतिबंध'. इंग्रजीत त्याचं लघुरूप पीपीटीसीटी; त्यातला पहिला पी प्रतिबंधाचा, दुसरा पालकांचा. एका शब्दाने बाप खोलीत आला.

एचआयव्हीची गोष्ट खरोखर आशेची आहे. काहीच उपचार नसेल तर शंभरांतल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. १९९४ मध्ये झिडोव्हुडिन या औषधाने लागणीचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतं हे दिसलं. आज आईला गोळ्या लवकर सुरू झाल्या आणि नियमित चालू राहिल्या तर धोका एक-दोन टक्क्यांवर, त्याहूनही खाली येतो. इथे वारेपेक्षा प्रत्यक्ष बाळंतपण आणि पुढचं अंगावरचं दूध या वाटा मोठ्या. तरी दूध बंद करायला सांगत नाहीत. आई गोळ्या घेत असेल तर सहा महिने फक्त तिचंच दूध. 'फक्त' या शब्दावर सगळा भार आहे. मधाचं बोट, बाळगुटी, ग्राइप वॉटर, वरचं दूध असं मध्येच काही गेलं की बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. आजीने मायेने उगाळलेली गुटी इथे घात करू शकते, आणि हे आजीला समजावून सांगणं भाग आहे. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपतात, ते वाळवून पाठवतात, आणि मग त्या अहवालाची वाट पाहायची.

काविळीच्या ब विषाणूची मुख्य वेळही बाळंतपणाचीच. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक जण बरे होतात. जन्मताना झालेल्या बाळांपैकी मात्र शंभरांतल्या नव्वदांच्या यकृतात तो ठाण मांडून बसतो, आणि चाळिशी-पन्नाशीत यकृत कठीण होतं, कधी कर्करोग होतो. त्यासाठी लशीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत हवा. सव्वा महिन्याने नव्हे, बारशानंतर नव्हे. आईला विषाणू आहे हे आधी माहीत असेल तर बाळाला लशीसोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात. अंगावर पाजायला हरकत नसते.

डासांचा विषय थोडक्यात. महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात एरंडवण्यापासून सुरू होऊन रुग्ण निघत गेले, त्यांत गरोदर बायका पुष्कळ होत्या. हा विषाणू वारेतून जाऊन बाळाच्या मेंदूत नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशीच मारतो. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मली ती यामुळे. डास डेंग्यूचाच, दिवसा चावणारा, कूलरमधल्या आणि कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. शिवाय झिका नवऱ्याकडूनही येतो. पुन्हा नवरा.

मांजराची भीती मात्र थोडी कमी करावी. टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून येतो हे खरं, पण विष्ठा पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. घाण रोजच्या रोज काढली, आणि ती दुसऱ्या कोणी काढली, तर मांजर घराबाहेर काढायचं कारण नाही. कच्चं राहिलेलं मटण आणि नीट न धुतलेला भाजीपाला यांकडे जास्त लक्ष हवं.

महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते. सकाळपासून बाकं भरलेली. सिस्टर बोटाला सुई टोचतात, एक थेंब पट्टीवर पडतो, आणि त्याच एका पट्टीवर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही कळतात. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. समुपदेशनाच्या खोलीत दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. बाई एका खुर्चीवर पदर सावरून बसते. समुपदेशक ताई तिच्या कार्डावर तारीख घालतात आणि विचारतात, "मिस्टर आलेत का?" ती दाराकडे बघते. बाहेर लिंबाखाली मोटरसायकलवर तो मोबाईल बघत बसलेला असतो. ताई उठतात, खिडकीशी जातात आणि त्याला नावाने हाक मारतात.